चोविसाव्या वर्षी हेअर ट्रान्सप्लांट करावं का, की थांबावं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. वय २४. कपाळाचे दोन्ही कोपरे दोन वर्षांत मागे सरकलेत, भोवऱ्यापाशीही विरळ व्हायला लागलंय. वडिलांना पन्नाशीच्या आत पूर्ण टक्कल, आईच्या वडिलांनाही होतं. दुष्परिणामांच्या भीतीने औषध कोणतंच घेतलेलं नाही. लग्न आठ महिन्यांवर. क्लिनिकने एका बैठकीत ३,५०० ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट उचलून लावायचे केसांचे छोटे पुंजके) सांगितलेत, भोवराही त्याच बैठकीत भरून घ्यायचा विचार आहे आणि महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर सवलत आहे. प्रश्न असा की आत्ता करून टाकावं की थांबावं.

आत्ता करू नका. पण "करू नका" एवढंच ऐकून तुम्ही दुसऱ्या क्लिनिकमध्ये जाल आणि तिथे कोणीतरी "करू या" म्हणेल, म्हणून कारणं नीट समजून घ्या.

ट्रान्सप्लांटने डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. मागचा केस मुळासकट उचलून पुढे लावला जातो, इतकंच. तुमच्याकडे एक ठराविक साठा आहे आणि तो आयुष्यभर पुरवायचा आहे. म्हणून "आत्ता करू का" या प्रश्नाच्या आत खरे दोन प्रश्न आहेत: पन्नाशीपर्यंत तुमचं टक्कल कुठवर जाणार, आणि तेवढ्या जागेसाठी तुमच्याकडे माल किती आहे. पहिल्याचं उत्तर चोविसाव्या वर्षी कोणीच ठामपणे देऊ शकत नाही. दुसऱ्याचं उत्तर मोजून काढता येतं, पण ते मोजल्याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

आधी साठ्याचं बोलू. पुरुषांचं नेहमीचं टक्कल डीएचटी या संप्रेरकामुळे पडतं. टेस्टोस्टेरॉनपासून हे तयार होतं आणि पुढच्या व टाळूवरच्या केसांची मुळं त्याला संवेदनशील असतात. अशा मुळातून येणारा केस दर चक्रात आणखी बारीक आणि आखूड होत जातो, शेवटी लव उरते. डोक्याच्या मागे, दोन्ही कानांच्या मधल्या पट्टीतली मुळं सहसा या संप्रेरकाला दाद देत नाहीत. ती उचलून पुढे लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये ही गोष्ट मांडली आणि आजची सगळी शस्त्रक्रिया तिच्यावरच उभी आहे.

ही सुरक्षित पट्टी साधारण १५० ते २०० चौरस सेंटिमीटरची. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस, सरासरी दोनच्या थोडं वर. यातले सगळे काढता येत नाहीत. निम्म्याच्या आसपास काढले तर मागची बाजू उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागते. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभरात मिळून ४,००० ते ६,००० ग्राफ्ट हाती येतात. दाट मागची बाजू असलेल्याला जास्त, विरळ असलेल्याला कमी.

आता खर्चाची बाजू. वडिलांसारखं टक्कल पडलं तर उघडी पडणारी जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. पुढची कड डोळ्याला भरीव वाटायची तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला ३५ ते ४० ग्राफ्ट लागतात. निसर्गाच्या निम्मे झाले तरी चालतं, कारण घनता साधारण निम्म्यावर येईपर्यंत विरळपणा डोळ्याला जाणवत नाही. तरी हिशेब ७,००० च्या वर जातो. साठा ५,००० धरला आणि त्यातले ३,५०० आजच ओतले, तर उरले १,५००. पस्तिशीत मागची १५० चौरस सेंटिमीटर जागा उघडी पडली की दर चौरस सेंटिमीटरला १० ग्राफ्ट वाट्याला येतात. ते लावून काही दिसत नाही.

मग डोकं कसं दिसतं? पुढे विशीतल्या मुलासारखी खाली आणलेली दाट कड, तिच्या मागे रिकामा पट्टा, बाजूचे केस आणखी खाली गेलेले. लावलेले केस जागेवर आणि मूळचे निघून गेलेले, म्हणजे मधोमध बेट. असं नैसर्गिक टक्कल कोणाचंच नसतं, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच काहीतरी खटकतं. साधं टक्कल असलेला माणूस डोकं बारीक करून मोकळा होतो. तुम्हाला तेही करता येत नाही, कारण मागे हजारो पांढरे ठिपके असतात आणि पुढे केसांची ओळ. चुकीच्या जागी लावलेले ग्राफ्ट परत काढता येतात, लेझरने मुळं जाळता येतात, पण साठ्यातून गेलेला माल पूर्ण परत येत नाही. दुरुस्तीसाठी येणाऱ्यांत अगदी तरुणपणी, खाली कड आखून घेतलेले लोक वारंवार दिसतात.

मग वयाची अट आहे का? आकड्यात जादू नाही. पंचविशीच्या आत मी सहसा नाही म्हणतो, कारण टकलाची दिशा तेव्हा ठरलेली नसते आणि ज्याचं विशीत सुरू होतं त्याचं बहुतेक वेळा लांबवर जातं. पंचवीस ते तीसमध्ये, औषधावर वर्षभर स्थिर राहिलेल्या माणसाचा विचार करता येतो, तोही पुढच्या भागापुरता. तिशीच्या पुढे चित्र स्पष्ट होतं. पंचेचाळिशीत तर निर्णय सोपाच, कारण जे जायचं ते बहुतेक गेलेलं असतं आणि अपेक्षाही बेताच्या असतात. अपवाद आहेत. भाजल्याचा किंवा अपघाताचा व्रण असेल, तो वर्षभर जसाच्या तसा असेल, तर विशीतही करता येतं. तिथे साठा थोडाच लागतो आणि व्रण पसरत नाही.

घराण्याबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. "आईच्या वडिलांवर जातं" हे अर्धसत्य आहे. एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि तो मुलाला आईकडून येतो, हे खरं. पण बाकीचे अनेक जनुक दोन्हीकडून येतात. तुमच्या दोन्ही बाजूंना टक्कल आहे. अंदाज बांधताना मी शेवटच्या टप्प्याजवळचाच धरेन. थोरला भाऊ, काका, मामा यांची डोकी तिशीत आणि पन्नाशीत कशी होती हेही विचारून ठेवा. जुने लग्नाचे अल्बम यासाठी फार उपयोगी पडतात.

आता औषधांकडे येतो, कारण "कधी" या प्रश्नाचं उत्तर निम्मं तरी इथे आहे. शस्त्रक्रिया गेलेल्या जागेवर काम करते, औषध उरलेल्या केसांवर. आहे तो केस राखणं हे नवा लावण्यापेक्षा नेहमी स्वस्त, आणि लावलेल्याच्या मागचा केस टिकला नाही तर लावण्याला अर्थ उरत नाही.

फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम, रोज एक गोळी. अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे वापराचा अनुभव भरपूर आहे. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीत रूपांतर करणारं विकर ते रोखतं. बहुतेक पुरुषांत गळती थांबते किंवा मंदावते, काहींत केस जाडही होतात, विशेषतः भोवऱ्यापाशी. कोपऱ्यांत फारसं परत येत नाही. परिणाम कळायला सहा महिने, ठरवायला बारा. बंद केलं की वर्षभरात मिळवलेलं जातं.

तुमची भीती मी उडवून लावणार नाही. काही पुरुषांत इच्छा कमी होणं, ताठरतेत फरक, वीर्याचं प्रमाण कमी होणं दिसतं. प्रमाण थोडं आहे आणि बहुतेकांत औषध थांबवल्यावर ते ओसरतं, पण थांबवल्यावरही त्रास राहिल्याच्या तक्रारी आहेत आणि मन उदास झाल्याच्याही. आधीपासून नैराश्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर तेही आधीच बोला, कारण काहींत शुक्राणूंची संख्या खाली येते, थांबवल्यावर सुधारते. गर्भवती स्त्रीने तुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी: प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा या गोळीने निम्म्यावर येतो, तेव्हा तपासणाऱ्याला गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं. तोंडाने घ्यायची नसेल तर डोक्याला लावायचं फिनास्टेराइडही मिळतं, त्याचा शरीरभर परिणाम कमी असतो.

मिनॉक्सिडिल ५ टक्के, दिवसातून दोनदा १ मिलिलिटर, कोरड्या टाळूला. केसांना नव्हे, त्वचेला लागलं पाहिजे. बरेच जण इथेच चुकतात आणि "फरक पडत नाही" म्हणून सोडून देतात. दुसरी चूक अशी की दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते आणि माणूस घाबरून थांबतो. ती वाढ म्हणजे जुने, विश्रांतीत गेलेले केस एकदम जागा सोडतात, त्यांच्या मागून नवे येतात. किमान सहा महिने लावल्याशिवाय निकाल देऊ नका. टाळूला खाज आणि कोंडा झाला तर द्रावणाऐवजी फेस मिळतो, त्यात खाज आणणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल नसतं. हल्ली कमी मात्रेत पोटातूनही देतात, पण पाय सुजणं, छातीत धडधड, अंगावर केस वाढणं होऊ शकतं, म्हणून रक्तदाब आणि हृदय तपासून, डॉक्टरांच्या हातूनच.

पीआरपीबद्दल, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण क्लिनिक पॅकेजमध्ये घालेलच. काहींना थोडा फायदा होतो. या दोन औषधांची जागा ते घेत नाही, आणि पैसे मर्यादित असतील तर मी ते यादीत सगळ्यात शेवटी ठेवेन.

औषध घ्यायचंच नाही असं कोणी ठरवलं तर? तो त्याचा हक्क आहे. मग मात्र योजना अशीच आखावी लागते की टक्कल वडिलांसारखं होणारच आहे: कड उंच, कोपरे थोडे उघडे, फक्त पुढचा भाग, आणि भोवरा कायमचा सोडून द्यायचा. चोविसाव्या वर्षी हे कोणाला पटत नाही. पटत नसेल तर वेळ आलेली नाही, हे त्याचंच चिन्ह समजा.

आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी पक्की व्हायला हवी: ही गळती खरंच तीच आहे का? डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन किंवा एकदम दहा किलो वजन उतरवणारा डाएट, यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठभर केस जातात. हे बहुतेक सहा महिन्यांत आपोआप भरतात. अशा काळात ग्राफ्ट लावणं म्हणजे भरून येणाऱ्या जागेवर साठा उधळणं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एकदा बघून घ्या. चाई पडली असेल, म्हणजे गोल गुळगुळीत चकत्या, तर तो प्रतिकारशक्तीचा आजार आहे. सक्रिय असताना लावलेले केसही तो खाऊ शकतो. टाळूला जळजळ, लाली, मुळाशी खपल्या आणि चकाकणारी त्वचा असेल तर व्रण करणारे आजार असू शकतात. त्यांत टाळूच्या त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो आणि आजार एक-दोन वर्षं पूर्ण शांत राहिल्याशिवाय सुई लावायची नसते.

सगळ्यात दगा देणारा प्रकार म्हणजे मागची पट्टीही बारीक होत जाणं. काही तरुणांत गळती पुढे-मागे सगळीकडे सारखी असते, काहींत मानेकडून आणि कानांवरून वर चढते. त्यांच्या मागच्या केसांना "सुरक्षित" म्हणताच येत नाही. पुढे लावलेला केस पाच-सात वर्षांत गळून जाईल आणि व्रण उरतील. उघड्या डोळ्यांनी हे कळत नाही. डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, मागची पट्टी चार-पाच ठिकाणी पाहावी लागते. तिथले पाचातले एक किंवा जास्त केस बारीक झालेले दिसले तर मी शस्त्रक्रियेचा विषय बंद करतो. तुमच्या क्लिनिकने ३,५०० हा आकडा सांगण्यापूर्वी मागे डर्मोस्कोप लावला का? नुसता पुढून फोटो पाहून, व्हॉट्सॲपवर सांगितलेला आकडा हा अंदाजसुद्धा नसतो.

इथवरचं थोडक्यात: निदान पक्कं, मागची पट्टी मोजून ठीक, औषधावर किमान बारा महिने फोटोत फरक नाही, आणि उरलेल्या साठ्यातून पुढच्या वीस वर्षांची सोय होते, हे चारही जुळलं की "कधी"चं उत्तर "आता" होतं. तुमच्याकडे आज यातलं एकही जुळलेलं नाही.

भोवऱ्याबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण तुम्ही तोही याच बैठकीत भरून घ्यायचं म्हणताय. भोवरा शेवटी. तिथलं टक्कल वर्तुळासारखं पसरतं आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. तीन सेंटिमीटर त्रिज्येची जागा २८ चौरस सेंटिमीटर. तीच पाच सेंटिमीटर झाली की ७९. आज मध्यभागी १,००० ग्राफ्ट लावले आणि भोवतीचे केस गेले, तर मधे पुंजका आणि भोवती रिकामं कडं. शिवाय भोवऱ्यात केस सगळीकडे फाकतात, एकमेकांवर पडत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच ग्राफ्टमध्ये पुढे जितकं भरीव दिसतं तितकं तिथे कधीच दिसत नाही. समोरचा माणूस तुमचा चेहरा बघतो आणि चेहऱ्याला चौकट देते ती पुढची कड. आणि औषधाला सगळ्यात चांगली दाद देणारी जागाही भोवराच आहे. तिथे औषध लावा, ग्राफ्ट पुढच्यासाठी राखा.

आता लग्न. समजा आज शस्त्रक्रिया केली. आठ-दहा दिवस खपल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर, कधी डोळ्यांवर सूज उतरते. दोन ते सहा आठवड्यांत लावलेल्या केसांतले बहुतेक गळून पडतात. मूळ आत राहतं, पण दिसायला काहीच उरत नाही. सोबत आजूबाजूचे मूळचे, आधीच बारीक झालेले केसही धक्क्याने गळू शकतात, आणि अगदी अशक्त झालेले त्यातले परत येत नाहीत. तुमच्या वयात, औषधाशिवाय, हा धोका जास्त. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुम्ही आजच्यापेक्षा वाईट दिसाल. उगवायला सुरुवात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. सहाव्यात निम्मं, आठव्यात आणखी थोडं, पण केस अजून बारीक आणि वेडावाकडा. खरा निकाल बाराव्या महिन्यात, भोवऱ्याचा पंधरा-अठराव्या. लग्नासाठी करायचंच असेल तर वर्ष-सव्वा वर्ष आधी करावं लागतं. ती वेळ तुमच्या हातून गेलेली आहे, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

लग्नापुरता दुसरा उपाय आहे. केराटिनचे बारीक तंतू विरळ जागेवर भुरभुरले की फोटोत भोवरा दिसत नाही. घाम आणि पाऊस टाळा, दिवसाच्या शेवटी धुऊन टाका. कोपऱ्यांवर मात्र ते बसत नाहीत, त्यांना धरायला केस लागतात. तिथे चांगल्या न्हाव्याकडून बाजू आखूड आणि वरचे मध्यम ठेवून घ्या. बाजू वाढवल्या की वरचं जास्तच विरळ दिसतं. विधींच्या बराच वेळ डोक्यावर फेटा असतोच. औषध आज सुरू केलं तर आठ महिन्यांत भोवऱ्यापाशी खरा फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: होणाऱ्या पत्नीशी हे मोकळेपणाने बोला, औषधाचंही. गोळीचा प्रश्न दोघांचा आहे.

पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ येईल तेव्हा काय पाहायचं, तेही सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, हात कोणाचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख स्पष्ट आहे: हे काम त्याचं रीतसर प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरांचं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञांचं, एखादी कार्यशाळा करून किंवा व्हिडिओ पाहून ते करता येत नाही. तंत्रज्ञ मदतीला असतात, ग्राफ्ट मोजणं-वेगळे करणं त्यांच्याकडे असतं, ते ठीक. पण कड आखणं, भूल देणं आणि पुढच्या चिरा पाडणं कोण करणार, हे नाव आणि पदवीसकट विचारा. डॉक्टर सकाळी दर्शन देऊन जाणार असतील तर उठून या. इस्तंबूलला जाऊन करायचं डोक्यात असलेल्यांनाही हाच प्रश्न लागू होतो, आणि त्यात भर अशी की काही बिघडलं तर तिथे परत जावं लागतं.

दुसरी, भूल. लिग्नोकेन ॲड्रिनलीनसह दिलं तर कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि एकूण साधारण ५०० मिलिग्रॅम. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं सुमारे २५ मिलिलिटर, झालं. एका दिवसात जितके जास्त ग्राफ्ट, तितक्या वेळा भूल पुन्हा द्यावी लागते. मात्रा ओलांडली की जीभ बधिर होणं, कानात गुणगुणणं, मग झटके आणि हृदयाची लय बिघडणं. म्हणून मोठा आकडा एका दिवसात उरकणाऱ्या ठिकाणी धोका वाढतो. २,००० ते २,५०० ग्राफ्टला सहा ते आठ तास लागतात. त्याहून जास्त लागणार असतील तर लागोपाठ दोन दिवसांत विभागा. ऑक्सिजन, मॉनिटर, आपत्कालीन औषधं आणि ती वापरता येणारा माणूस जागेवर हवा. आधी हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, ईसीजी व्हायला हवेत. मधुमेह असेल तर तो आटोक्यात हवा. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं आणि प्रोप्रानोलोलसारखी रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. धूम्रपान दोन-तीन आठवडे आधी आणि तितकेच नंतर पूर्ण बंद, कारण त्याने टाळूचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि ग्राफ्ट मरतात.

तिसरी, पद्धत. यावर जाहिराती खूप आहेत, म्हणून लोक इथेच अडकतात. स्ट्रिप पद्धतीत मागची एक-दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून टाके घालतात. व्रण रेषेसारखा, ग्राफ्टचा दर्जा चांगला, पण पुढे डोकं अगदी बारीक करता येत नाही. एफयूईत ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. रेषा नाही, पण ठिपके राहतात आणि घाईत पंच वाकडा गेला की मुळं कापली जातात. शरीराबाहेर काढलेला ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ओला राहिला पाहिजे. सुकला की मेला, मग तो कितीही सुबक लावा. दोन्ही पद्धती चांगल्या हातात चांगल्या. पद्धतीला दिलेल्या चकचकीत नावापेक्षा हे विचारा: किती मुळं कापली जातात, ग्राफ्ट किती वेळ बाहेर राहतात, मोजणी कोण करतं.

मोजणीवरून आठवलं. ग्राफ्ट आणि केस हे वेगळे आकडे आहेत. २,००० ग्राफ्ट म्हणजे सव्वाचार हजारांच्या आसपास केस. एक क्लिनिक ग्राफ्टचा भाव सांगतं, दुसरं केसांचा, आणि दुसरं स्वस्त वाटतं. ग्राफ्टमागे दर असेल तर तीन केसांच्या ग्राफ्टचे तुकडे करून आकडा फुगवण्याचा मोहही असतो. एक, दोन, तीन केसांचे ग्राफ्ट किती निघाले याची नोंद लेखी मागा. पहिल्या एक-दोन ओळींत फक्त एक केसाचेच हवेत, नाहीतर बाहुलीच्या डोक्यासारखे झुबके दिसतात. आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची सूट ट्रान्सप्लांटला सहसा मिळत नाही आणि विम्यातही ते सहसा बसत नाही, तेव्हा एकूण रक्कम करासकट विचारा.

चौथी, कड. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून कडेचा मध्य ७ ते ९ सेंटिमीटरवर असावा, आणि तुमच्यासारख्या घराण्यात वरच्या बाजूला. कोपरे पूर्ण बुजवायचे नाहीत. पन्नाशीत कोपरे नसलेला माणूस विचित्र दिसतो. कड सरळ पट्टीने आखल्यासारखीही नको. आरशात आखलेली कड जरा उंच वाटली, मनाला थोडी कमी वाटली, तर बहुधा ती बरोबर आहे.

नंतरची काळजी सोपी आहे, पण दुचाकीवाल्यांनी नोकरीचा विचार करून ठेवावा: हेल्मेट दोन-तीन आठवडे नाही, आणि हेल्मेटशिवाय गाडीही नाही. पहिले चार-पाच दिवस उशी उंच. तिसऱ्या दिवसापासून सांगितल्याप्रमाणे हलक्या हाताने धुणं, नखं लावायची नाहीत. दहा दिवसांत ग्राफ्ट पक्के होतात. व्यायामशाळा, पोहणं आणि कडक ऊन महिनाभर लांब.

तुम्ही बहिणीबद्दलही एका ओळीत विचारलंय. स्त्रियांमध्ये गळती बहुधा सगळीकडे पसरलेली असते आणि मागची बाजूही त्यातून सुटत नाही, त्यामुळे ट्रान्सप्लांटला योग्य स्त्रिया कमी. भांग रुंद होत असेल तर आधी फेरिटिन, थायरॉइड, पाळी अनियमित असेल तर पीसीओएस (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) तपासा. वर्षानुवर्षं घट्ट वेण्या-अंबाडा ओढून कानशिलांवर विरळ झालं असेल, तर ओढणं थांबवून वर्ष गेलं तरी भरलं नाही, तेव्हा ग्राफ्टने छान भरतं.

आता तुम्ही करायचं ते. सवलतीचा फोन आला तर नाही सांगा. ॲडव्हान्स दिला असेल तर लेखी परत मागा. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, निदान आणि मागच्या पट्टीची डर्मोस्कोपी करून घ्या, औषधाबद्दल मोकळेपणाने बोला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, केस कोरडे आणि तेल न लावलेले असताना पाच फोटो काढा: समोरून मान खाली, दोन्ही कोपरे, वरून, आणि भोवरा. केसांची लांबी शक्यतो तीच ठेवा, नाहीतर तुलना फसते. बारा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा संच शेजारी ठेवून बघा. फरक नसेल तर त्या फोटोंसह आणि मागच्या पट्टीच्या मोजलेल्या घनतेसह दोन वेगवेगळ्या सर्जनना भेटा. तेव्हा पुढच्या भागासाठी १,५०० ते २,००० ग्राफ्टची गोष्ट करता येईल. फोटोत गळती चालूच दिसली तर औषध बदलून आणखी एक वर्ष थांबायचं.